घर घेताना ‘फक्त एक ओटीपी सांगा’ म्हणजे नेमकी कशाला परवानगी?

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा आणि त्याची बायको रावेतला एक सॅम्पल फ्लॅट बघायला गेले. फ्लॅट बघून झाला, चहा आला, आणि विक्री कार्यालयातल्या मुलाने लॅपटॉप उघडत म्हटलं, “सर, लोन किती बसतंय ते लगेच बघू या का? फक्त सिबिल चेक करतो. पॅन नंबर द्या आणि एक ओटीपी येईल तो सांगा.” भाच्याने सांगितला. पुढच्या आठ-दहा दिवसांत कर्ज देऊ करणारे इतके फोन आले की बिचारा अनोळखी नंबर उचलेनासा झाला. मग त्याने स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांचा आणि परतफेडीचा लेखाजोखा, काढला. त्यात तीन कर्जसंस्थांच्या चौकश्या नोंदलेल्या होत्या. त्याने अर्ज एकीकडेही केलेला नव्हता.

“मावशी, मी कुठेही सही केली नव्हती गं,” तो मला म्हणाला.

त्याची सही त्या सहा आकड्यांतच होती.

मी बँकेत नोकरी केली, शेवटची अकरा वर्षं गृहकर्जाच्या टेबलावर. ‘इथे, इथे आणि मागच्या पानावर सही करा’ हे वाक्य मी किती वेळा उच्चारलं असेल, त्याला मोजदाद नाही. या सहीने मी नक्की काय देतोय, असं विचारणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. नोव्हेंबर २०२५ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम जाहीर झाल्यापासून ‘संमती’ हा शब्द सारखा कानावर पडतोय. घर घेणं, विकणं किंवा भाड्याने घेणं या तिन्ही ठिकाणी ही संमती म्हणजे काय, ते इथे सांगते.

शेजारच्या काकूंकडे ठेवलेली किल्ली

गणपतीला गावी जाताना आपण घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवतो. तुळशीला पाणी घालायला, आणि आठ दिवसांपुरती. काकूंनी त्या किल्लीने आपलं कपाट उघडायचं नसतं, आणि ती किल्ली आणखी कोणाला द्यायची नसते. आपण आलो की ती परत करायची. हे कोणी कागदावर लिहून घेत नाही, पण दोन्ही बाजूंना ठाऊक असतं.

आर्थिक माहितीची संमती अशीच असते, असायला हवी. कशासाठी, किती आणि कधीपर्यंत, या तीन गोष्टी तिच्यात असल्या पाहिजेत. २०२३ चा हा डेटा संरक्षण कायदाही तेच म्हणतो: संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती, समजून-उमजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी. त्या कामाला लागते त्याहून जास्त माहिती मागितली, तर जास्तीच्या माहितीपुरती तुमची ‘हो’ धरली जात नाही. माहिती मागण्याआधी द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोयही द्यावी लागणार आहे. म्हणजे मराठीतही. गृहकर्जाच्या अर्जाची मागची पानं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत, त्यामुळे ही तरतूद वाचून मला मनापासून बरं वाटलं.

एक खुलासा लगेच करते. संमती आणि हक्कांची मुख्य कलमं नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. तोवर अगदीच वारा प्यालेलं वासरू आहे असंही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम बँक खात्यासारख्या आर्थिक माहितीला ‘संवेदनशील’ मानतात आणि ती घेताना लेखी संमती मागतात. कर्जसंस्थांवर रिझर्व्ह बँकेची बंधनं आहेत, ती वेगळी.

कोणाला काय लागतं, आणि काय लागत नाही

गोंधळ इथेच होतो. आपण सगळ्या कागदांची एकच पीडीएफ करतो आणि जो मागेल त्याला व्हॉट्सॲपवर ढकलतो. प्रत्यक्षात गृहकर्जाची फाइल पाच-सहा हातांतून जाते आणि प्रत्येक हाताची गरज वेगळी असते.

बँकेला तुमची परतफेडीची ताकद मोजायची असते. तिला सॅलरी स्लिप, फॉर्म १६ किंवा आयटीआर, खात्याचं स्टेटमेंट आणि चालू हप्त्यांची माहिती लागते. ते रास्तच आहे. पण बँकेने नेमलेला वकील मिळकतीचे कागद तपासतो: मागचे करार, सात-बारा किंवा मिळकतपत्रिका, बोजा आहे का नाही. त्याला तुमच्या पगाराशी देणंघेणं नाही. मूल्यांकन करणारा जागा मोजतो आणि आसपासचे भाव बघतो. त्यालाही तुमचं स्टेटमेंट नको.

बिल्डरला करारासाठी तुमची ओळखपत्रं आणि पॅन लागतो, आणि पैसे कुठून येणार हे कळायला बँकेचं सँक्शन लेटर, म्हणजे कर्जमंजुरीचं पत्र. तेसुद्धा घर ठरल्यावर. सॅलरी स्लिप त्याच्या उपयोगाची नाही. किंवा असं म्हणा, त्याच्या फार उपयोगाची आहे, म्हणूनच त्याला देऊ नये. त्याबद्दल पुढे सांगतेच.

मग डीएसए. म्हणजे बँकेसाठी कर्जाची गिऱ्हाइकं आणणारा एजंट, ज्याला बँक कमिशन देते. पुण्यात बहुतेक नव्या प्रकल्पांच्या विक्री कार्यालयात ‘लोन डेस्क’वर बसलेला माणूस हाच असतो. तो फाइल बँकेत दाखल करतो, धावपळ वाचवतो, आणि त्यातले कित्येक जण कामाला चोख असतात. पण तुमचे कागद एका बँकेसाठी दिलेत का चार, हे तुम्ही सांगितलं नाहीत, तर तो चारही ठिकाणी टाकतो. एक तरी सँक्शन होईल, हा त्याचा हिशेब. म्हणून कागद देताना लिहूनच द्यावं: ‘ही कागदपत्रं फक्त अमुक बँकेच्या गृहकर्ज अर्जासाठी.’ मेसेजमध्ये लिहिलं तरी चालेल. झेरॉक्सवर आडवं लिहून, तारीख टाकून सही केली तर उत्तम.

झेरॉक्सवरून आठवलं. स्टेशनरीच्या दुकानातल्या नंबरावर आपण स्टेटमेंटची पीडीएफ पाठवतो, ‘दोन कॉपी काढा’ म्हणतो, दहा रुपये देतो आणि निघतो. फाइल त्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर तशीच राहते. समोर उभं राहून डिलीट करायला सांगा. दुकानदाराला त्यात राग येण्यासारखं काही नाही.

तो ओटीपी कशाचा होता?

भारतात चार क्रेडिट ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. तुम्ही कोणतं कर्ज घेतलंत, हप्ते वेळेवर भरलेत का, कार्डाची थकबाकी किती, हे सगळं कर्जसंस्था त्यांना कळवतात. क्रेडिट माहिती कंपन्यांबद्दलच्या २००५ च्या कायद्याने ते बंधनकारकच आहे. त्यावरून ३०० ते ९०० मधला एक गुणांक निघतो. त्यालाच आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो.

हा रिपोर्ट थेट बघण्याचा अधिकार कर्ज देणाऱ्या संस्थांना आणि कायद्याने ठरवलेल्या मोजक्या वापरकर्त्यांना आहे. बिल्डर किंवा ब्रोकर त्यात येत नाही. म्हणूनच त्याला तुमचा ओटीपी लागतो. त्या ओटीपीने दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर तुमच्याच नावाने, तुम्हीच मागितल्यासारखा रिपोर्ट निघतो आणि त्याच्या पडद्यावर उघडतो. किंवा एखाद्या कर्जसंस्थेच्या पोर्टलवर तुमचा अर्ज सुरू होतो आणि ती संस्था चौकशी करते.

पहिल्या प्रकाराने गुणांक हलत नाही. दुसऱ्याने थोडा हलतो, आणि नोंद राहते. थोड्या दिवसांत अशा पाच-सहा नोंदी दिसल्या की आमच्यासारखा टेबलावरचा माणूस चष्मा वर करून पुन्हा बघतो. हा इतक्या ठिकाणी का फिरतोय? कोणी नाकारलं का याला? घर घेणाऱ्याने केवळ चहा पिताना ओटीपी सांगितलेला असतो, हे रिपोर्टवर कुठे लिहिलेलं नसतं.

म्हणून ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा. आकड्यांच्या आगेमागे कोणाचं नाव आहे, कशासाठी आहे, ते बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. आणि आपला रिपोर्ट आपणच काढा. प्रत्येक ब्युरोने वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ब्युरोच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन घ्या. ‘माझा स्कोअर इतका आहे’ एवढं तोंडी सांगितलं तरी प्राथमिक बोलणी होतात.

अजून एक, कळकळीने सांगते. सहकर्जदार म्हणून बायकोचं नाव असेल तर तिची संमती तिचीच असते. नवऱ्याने तिचा फोन हातात घेऊन ओटीपी सांगून टाकायचा, हे मी इतक्यांदा पाहिलंय! तिचं सोनेतारण, तिने भावासाठी घेतलेलं कर्ज, हे कधी, कोणाला, कसं सांगायचं ते तिने ठरवायचं असतं.

स्टेटमेंट द्यायची आणखी एक वाट

सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं स्टेटमेंट पीडीएफने पाठवण्याला आता पर्याय आहे. त्याचं नाव अकाउंट ॲग्रिगेटर. नाव बोजड आहे, काम साधं. मेसचा डबा पोचवणारा मुलगा आठवा. डबा इथून उचलतो, तिथे देतो. आत पोळी आहे का भाकरी, हे त्याला कळत नाही आणि तो डबा घरी ठेवून घेत नाही. अकाउंट ॲग्रिगेटर ही रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारी संस्था तुमच्या बँकेतून माहिती उचलते आणि कर्ज देणाऱ्या बँकेला देते. माहिती कुलूपबंद म्हणजे सांकेतिक रूपात असते. तिला ती वाचता येत नाही, साठवता येत नाही. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेने यासाठी नियम केले आणि सप्टेंबर २०२१ पासून ही व्यवस्था प्रत्यक्षात धावू लागली. वनमनी, फिनव्ह्यू ही त्यातली काही नावं.

मला यातली खरी आवडलेली गोष्ट म्हणजे संमतीचा पडदा. कोणतं खातं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कशासाठी, एकदाच की पुन्हा पुन्हा, आणि मिळालेली माहिती ते किती काळ ठेवणार, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. किल्लीच्या तीनही अटी, स्वच्छ अक्षरांत. त्यातल्या ‘एकदाच की पुन्हा पुन्हा’कडे जरूर बघा. कर्ज मंजूर करायला माहिती एकदा पुरते. कर्ज सुरू असेपर्यंत दर महिन्याला खातं बघण्याची परवानगी ही अगदी वेगळी गोष्ट आहे. ती मागत असतील तर का, ते विचारा. दिलेली संमती त्याच ॲपमधून रद्दही करता येते.

इथे नेटबँकिंगचा पासवर्ड कोणीही मागत नाही. मागितला, तर समोरचा माणूस अकाउंट ॲग्रिगेटरवाला नाही आणि तिथून उठावं हे बरं.

“पण माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही”

हे मला भाच्यानेही ऐकवलं. मी त्याला त्याच्याच स्टेटमेंटचं एक पान काढायला लावलं आणि दोघं मिळून ओळीने वाचलं. एक तारखेला पगार. दोन तारखेला गावी आईला पाठवलेले पैसे. पाच तारखेला गाडीचा हप्ता. मग फर्टिलिटी क्लिनिकचं बिल. त्यांनी अजून सासू-सासऱ्यांनाही सांगितलं नव्हतं. मित्राकडून घेतलेले हातउसने. एका संघटनेला दिलेली देणगी. पंचवीस तारखेची शिल्लक. तो गप्प बसला.

लाजेचा प्रश्न इथे नाही. खरा मुद्दा घासाघिशीचा आहे. तुम्ही सत्तर लाखांचं घर बघायला गेलात. समोरच्या पडद्यावर दिसलं की तुम्हाला पंच्याऐंशी लाखांचं कर्ज बसतंय आणि खात्यात बारा लाखांची एफडी आहे. तो आता तुम्हाला सत्तरवाला फ्लॅट मन लावून दाखवेल? वरचा मजला, गार्डनकडचं तोंड, दुसरं पार्किंग, सगळं तुमच्या ऐपतीच्या काठाला बरोब्बर येऊन टेकेल. आणि भाव कमी करा म्हणालात तर तो हसेल, कारण तुम्ही किती ताणू शकता हे त्याला तुमच्याआधी कळलेलं आहे. तुळशीबागेत भाव करताना आपण पाकीट उघडून आतल्या नोटा दुकानदाराला दाखवतो का? पन्नास रुपयांच्या क्लिपांसाठी जे भान असतं, ते पाऊण कोटीच्या घरासाठी का सुटावं?

म्हणून माझं ठाम मत आहे: ज्याच्याशी भाव ठरवायचा आहे, त्याला आपल्या पैशांचा हिशेब दाखवू नये. आधी आपल्या बँकेत जाऊन कर्जाची मर्यादा काढून घ्यावी आणि मगच घर बघायला निघावं.

“नाही म्हटलं तर फाइल अडवतील”

काही गोष्टींना नाही म्हणता येत नाही, हे खरं. बँकेला क्रेडिट रिपोर्ट बघू दिला नाही तर गृहकर्ज मिळणार नाही, आणि तुमची परतफेड ब्युरोला कळवण्यावाचून बँकेलाही गत्यंतर नाही. पण अर्जाच्या मागच्या पानावर याच परवानगीच्या शेजारी दुसरी एक बसलेली असते: समूहातल्या इतर कंपन्यांना आणि ‘सहयोगी संस्थांना’ माहिती देऊन विमा, कार्ड वगैरे विकण्यासाठी संपर्क करण्याची. तिचा तुमच्या कर्जाशी काडीचा संबंध नाही. ती चौकट रिकामी ठेवा. छापील मजकूर असेल तर ती ओळ खोडून बाजूला सही करा. माझ्या टेबलावर असे खोडलेले अर्ज आले आहेत आणि त्यापायी एकही कर्ज अडलेलं मला आठवत नाही.

ॲपवरून कर्ज घेत असाल तर रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जाचे नियम तुमच्या बाजूने आहेत. फोनमधली संपर्कयादी, कॉल्सची नोंद, फाइली यांना ॲपने हात लावायचा नाही. केवायसीपुरता, म्हणजे ओळख पटवण्यापुरता, कॅमेरा किंवा लोकेशन एकदा वापरता येतं, तेही विचारून.

जुनं घर, आणि विकणाऱ्याची संमती

रिसेलमध्ये चित्र उलटं होतं. समजा कोथरूडमधला फ्लॅट विकणाऱ्याचं स्वतःचं कर्ज अजून चालू आहे. घेणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं की बाकी किती आणि मूळ कागद कुठे आहेत. तो विकणाऱ्याच्या बँकेत जाऊन विचारू शकत नाही. बँकेला ग्राहकाचं गुपित राखावं लागतं, आणि ते योग्यच आहे. म्हणून विकणाऱ्याने स्वतः अर्ज करून दोन पत्रं घ्यायची असतात: कर्ज फेडायला आज किती रक्कम लागेल त्याचं फोरक्लोजर लेटर, आणि बँकेकडे कोणते मूळ कागद ठेवलेत त्यांची यादी. ही दोन पत्रं पुरेशी आहेत. तुम्ही दहा वर्षं हप्ते कसे भरलेत, त्याचा पूर्ण उतारा घेणाऱ्याला द्यायची गरज नाही.

घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याला १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावावर सरकारकडे जमा करायचा कर, कापून भरावा लागतो. त्यासाठी विकणाऱ्याचा पॅन लागतोच. तो मागितला म्हणून संशय घेऊ नका. आणि हेही लक्षात असू द्या की नोंदणी झालेला दस्त गुपित राहत नाही. इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या दस्ताच्या गोषवाऱ्यावर, नावं, पत्ता आणि किंमत असते, आणि तो कोणालाही काढता येतो.

भाड्याचं घर

हिंजवडी-खराडीकडे घर शोधणाऱ्या मुलांकडून ब्रोकर पहिल्याच फोनवर आधार, पॅन, ऑफर लेटर, तीन महिन्यांच्या स्लिपा मागतात. घर बघायच्या आधीच! घर पसंत पडून बोलणी ठरेपर्यंत यातलं काही देऊ नका. भाडेकराराची नोंदणी आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं, यासाठी ओळखपत्र लागेल, तेव्हा द्या. सोसायटीच्या ऑफिसला मास्क्ड आधार पुरे. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि आधारच्या संकेतस्थळावरून तो उतरवून घेता येतो. मालकाला पगाराची खात्री हवी असेल तर एक अलीकडची स्लिप समोर दाखवा, प्रत देऊ नका.

मालकांनाही हे लागू आहे. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं की एचआरएसाठी, म्हणजे घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी, भाडेकरू तुमचा पॅन मागतो. त्याचं ते हक्काचं मागणं आहे.

दिलेली संमती परत घेता येते का?

येते. नव्या कायद्यात तर संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणं सोपं असावं, असं लिहिलंय. काम संपल्यावर माहिती पुसायची जबाबदारीही घेणाऱ्यावर आहे, दुसऱ्या एखाद्या कायद्याने ती ठेवणं भाग नसेल तर. माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो सरकारी तिजोरीत जमा होतो, तुमच्या हातात येत नाही. आणि काढून घेतलेली संमती पुढची वाट बंद करते, मागे पोचलेली माहिती उडवून लावत नाही. म्हणून भर आधी विचारण्यावर.

भाच्याने दोन कामं केली. एक, न केलेल्या अर्जांच्या चौकश्यांबद्दल ब्युरोकडे तक्रार. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मात्र ब्युरो स्वतःहून नोंद पुसत नाही, ज्या संस्थेने चौकशी केली तिला विचारतो. दुसरं, विक्री कार्यालयाला आणि त्या तीन संस्थांना एक ईमेल. मजकूर आम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिला:

‘अमुक तारखेला मी दिलेला पॅन व ओटीपी फक्त कर्जाचा अंदाज घेण्यासाठी होता. त्यापलीकडे माझी माहिती वापरण्यास, साठवण्यास किंवा इतरांना देण्यास माझी संमती नाही. पूर्वी दिलेली संमती मी मागे घेत आहे. माझी कोणती माहिती आपण कोणाला दिलीत हे कळवावे आणि ती पुसल्याचे लेखी उत्तर द्यावे.’

दोन संस्थांनी चौकशी मागे घेतल्याचं कळवलं आणि रिपोर्टमधून त्या नोंदी गेल्या. तिसरीचं उत्तर अजून आलेलं नाही, विक्री कार्यालयाचंही नाही. त्यांना स्मरणपत्र गेलंय, पहिल्या ईमेलची प्रत जोडून.